उघडता येणाऱ्या वस्तू

स्टार स्क्रू. १९९७ च्या जूनमध्ये आमच्या नाशिकच्या घरी कॉम्प्युटर आला. त्याच्या कॅबिनेटला मागच्या बाजूने असे सहा स्क्रू होते आणि पहिल्याच रविवारी दादाने ते काढले. आई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, हप्ते फिटायचेत अजून." दादा मान वर न करता म्हणाला, "कशाचे फेडतोय ते तर बघू दे." पत्र्याचे झाकण निघाले. आत नवीकोरी हिरवी पाटी, राखाडी पट्ट्यासारखी केबल, छोटा पंखा. मदरबोर्डबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती. कोणता जंपर कुठल्या दोन पिनांवर बसवला की काय बदलते याची कोष्टके तीत होती. बारावीनंतरच्या त्या सुट्टीत मी ती पुस्तिका दोनदा वाचून काढली.

१९७८ साली ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी लाल मुखपृष्ठाचे एक पुस्तक निघाले होते. त्यात सर्किटचा पूर्ण नकाशा आणि आतल्या मूळ प्रोग्रामची ओळन् ओळ छापलेली होती. त्याच कंपनीने २००९ मध्ये लॅपटॉपची बॅटरी पाच पाकळ्यांच्या स्क्रूने बंद केली. २०११ पर्यंत तो स्क्रू आयफोनवर आला. दुरुस्तीला आलेल्या फोनचे साधे स्क्रू काढून त्या जागी हे नवे बसवून देत, म्हणजे माणसाने उघडता येणारी वस्तू द्यायची आणि बंद झालेली परत न्यायची. तेव्हा मी याला फार महत्त्व दिले नव्हते. पुण्याच्या तापकीर गल्लीत पाच पाकळ्यांचा स्क्रू-ड्रायव्हरही लगेच मिळू लागला होता. पण त्यानंतर फोनचे नखाने निघणारे पाठचे झाकण गेले, काढता येणारी बॅटरी गेली, आणि स्क्रूच्या जागी सगळीकडे गोंद आला.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला आहे. फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली.

विद्यार्थ्यांचे खाते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी सुरू केले. विद्यार्थ्यांना जे स्वस्त खाते मिळे त्यात काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्र नाही. पण स्लर्प नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. तो आपल्या खात्यात कंपाइल करून ठेवला की त्याच अक्षरांच्या वाटेने चित्रेही येत. हे कुठल्या वर्गात शिकवत नव्हते. कागदावर लिहिलेल्या चार आज्ञा एका वसतिगृहातून दुसऱ्यात जात. नेटवरून फोन करणे तेव्हा बेकायदा होते आणि १ एप्रिल २००२ पर्यंत बेकायदाच राहिले. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाशी आईने चार मिनिटे स्वस्तात बोलावे, तर त्यात सरकारी मक्तेदारीचे उत्पन्न बुडते, म्हणून ते बंद. दर, मक्तेदारी, परवाना हे शब्द मी राज्यशास्त्राच्या पुस्तकातून शिकले नाही. ते मला मोडेमने शिकवले.

मोडेमचा तो आवाजही वस्तूंच्या माझ्या या यादीत येईल, पण त्याच्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिले आहे.

मार्करने नाव लिहिलेली सीडी. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येई. आमच्या वसतिगृहात अंक एकच येई आणि सीडी खोल्याखोल्यांतून फिरे. ज्याच्याकडे रायटर त्याच्या दाराशी रांग. कोरी सीडी घेऊन जायचे, तास-दीड तास बसायचे, वर निळ्या मार्करने नाव आणि तारीख टाकायची. बाकी सगळ्या सॉफ्टवेअरच्या कॉप्या आम्ही चोरून करत होतो. ही एक उघडपणे करता येत होती. तिच्या परवान्यातच लिहिले होते की कॉपी करा, आत काय आहे ते वाचा, बदला, वाटा, आणि ज्याला द्याल त्यालाही हे सगळे करू द्या. एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना लेझर प्रिंटरचा प्रोग्राम सुधारायचा होता आणि तो कोणी वाचायला देईना. ती चीड १९८३ च्या ग्नू प्रकल्पापर्यंत आणि १९८९ मध्ये त्या परवान्यापर्यंत गेली. मी आयुष्यात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला पहिला कायदेशीर मजकूर तोच. तो वाचताना मला पहिल्यांदा कळले की परवाना माणसाला बांधायला जसा लिहितात तसा सोडवायलाही लिहिता येतो.

सीडी मिळाली तरी ती बसवणे सोपे नव्हते. म्हणून इन्स्टॉल फेस्ट भरत. शनिवारी दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये लोक आपापले कॉम्प्युटर घेऊन येत, कोणी स्कूटरवर पायांशी कॅबिनेट ठेवून, कोणी रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन. बँकेतले कारकून, शाळेचे मास्तर, एक दंतवैद्य. पुण्यात सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत ग्नूनिफाय हे संमेलन भरायचे तेव्हा तर जिन्यात बसायला जागा नसे. मुंबईच्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरच्या या चळवळीचे एक ठाणे होते. तिरुवनंतपुरमला २००१ मध्ये भारतातली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू झाली. आम्ही अनोळखी माणसांच्या मशीनवर चार-चार तास बसायचो, आणि पडद्यावरची पट्टी पुढे सरकत असताना बोलायला वेळ असायचा. त्या वेळात काय काय बोलणे झाले! एन्रॉनचा करार, धरणग्रस्त, औषधांची पेटंट, शाळेतले माध्यम. सॉफ्टवेअरचे स्वातंत्र्य आणि बाकीचे स्वातंत्र्य वेगवेगळ्या खणांत ठेवायचे असते हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आता सगळे काही दोन मिनिटांत बसते आणि शेजारी कोणी बसलेले नसते.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. २०१८ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने गिटहब साडेसात अब्ज डॉलरना घेतले. जगभरच्या मुक्त प्रकल्पांचे घर एका कंपनीच्या मालकीचे झाले. २०१९ मध्ये आयबीएमने चौतीस अब्ज डॉलर देऊन रेड हॅट घेतली. लोहित या मुक्त देवनागरी फॉन्टचे आणि लिनक्सच्या मराठी अनुवादाचे बरेचसे काम रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी केले आहे, त्यांचे ऋण मराठीवर आहे. त्या कंपनीने २०२३ च्या जूनमध्ये आपल्या मुख्य प्रणालीचा स्रोत सगळ्यांसाठी मांडून ठेवणे थांबवले. तो आता ग्राहकांनाच मिळतो. परवान्याची अक्षरे पाळली गेली असतील. पण एकाने दुसऱ्याला निळ्या मार्करने नाव लिहून द्यावी अशी वस्तू त्यात उरलेली नाही.

ॲ.

या एका अक्षराबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचे आहे.

सांगलीला माझ्या काकांचा छापखाना होता. १९९४ पासून ते एक दिवाळी अंक काढत, साधा, शंभर-सव्वाशे पानांचा. जुळारी गेले आणि डीटीपी आले, तेव्हा त्यांनी मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर घेतले. त्याबरोबर प्रिंटरच्या खोबणीत बसवायची एक छोटी डबी येई. तिला सगळे 'लॉक'च म्हणत. लॉक लावलेले असेल तरच मराठी दिसे. आत भानगड अशी होती की त्या फाइलमध्ये मराठी नव्हतेच. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होती. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवत होता. प्रत्येक कंपनीचा क वेगळ्या जागी. एकीची फाइल दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडली की पान भरून कचरा. २००९ मध्ये काकांचे लॉक जळाले. त्यांनी कंपनीला पत्र लिहिले, उत्तर आले की ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. आणि नवी आवृत्ती जुन्या फाइली उघडत नव्हती. पंधरा वर्षांचे अंक. काकांच्या शब्दांत, "माझ्याच घराला दुसऱ्याचं कुलूप."

हे असेच व्हायला हवे होते असे नाही. पुण्यात सी-डॅकने यावर फार आधी फार सुंदर विचार केला होता. इस्की नावाचे जे भारतीय प्रमाण झाले, त्यात क म्हणजे क. मराठीतला, बंगालीतला, तमिळमधला, सगळ्यांचा सांकेतिक अंक एकच. लिपी फक्त दिसण्यापुरती बदलायची. वर्णमालेच्या उच्चारक्रमावर उभे केलेले ते काम होते. जिस्ट नावाचे कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्याच सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. जिस्ट कार्डाची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते त्या कार्डाचा उपयोग जास्त घरांना झाला. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली.

तरीही मराठीचे काही राहून गेले होते. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द आहेत. दुसऱ्यातला पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून अनेक फॉन्टना तो येत नव्हता, आणि 'सुऱ्या'चे 'सुर्या' होत होते. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडच्या तक्त्यातच नव्हते. हिंदीवाले ऍ लिहितात, मराठीत अ वर चंद्र देतात. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आपला ॲ आला. आज जो तो 'ॲप' म्हणतो; तो शब्द आपल्या वळणाने लिहिण्याची सोय त्या वर्षी झाली.

या सगळ्यामागे पगारी माणसे होती तशी बिनपगारीही होती. रात्री जेवणे झाल्यावर फॉन्टमधली चूक शोधणारी, जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे छोटे प्रोग्राम लिहून फुकट वाटणारी, 'फाइल'ला धारिका म्हणावे की फाइलच राहू द्यावे यावर दीड दीड तास भांडणारी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. महाराष्ट्र दिन. त्या दिवसांत मी पेठेत एका खोलीत राहत होते आणि माझ्या भिंतीवर वर्णमालेचा तक्ता लावलेला होता, प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलने त्याचा अंक. हे राजकारण आहे असे म्हटले तर लोक अजूनही माझ्याकडे नवलाने बघतात. कोणाचे अक्षर तक्त्यात येते आणि कोणाचे बाहेर राहते याहून मोठे राजकारण मला तरी ठाऊक नाही.

आता मराठी कळफलक फोनमध्ये आयता येतो. चांगला येतो. त्यात चूक असेल तर कुणाकडे जायचे हे मात्र मला सांगता येत नाही, आणि पंचवीस वर्षांपूर्वी सांगता येत होते.

उजव्या क्लिकमधली ओळ. वेबच्या कुठल्याही पानावर माउसचे उजवे बटण दाबले की 'स्रोत पाहा' अशी ओळ येई. सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला वेबचे तंत्र सगळ्यांना मोफत खुले केले. तेव्हापासून एका अख्ख्या पिढीने वेबची भाषा दुसऱ्यांची पाने उलटी करून बघत शिकून घेतली. मीही. फोनवर उजवे बटण नाही. ॲपला मागची बाजू नाही.

विकत घेतलेले पुस्तक. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण घरातून पुस्तक नेता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले.

'नाही'. ही वस्तू हातात धरता येत नाही, तरी यादीत घालते.

२००४ च्या डिसेंबरअखेरीस पेटंटच्या कायद्यात बदल करणारा अध्यादेश निघाला. सॉफ्टवेअरवर पेटंट मिळण्याची वाट त्यात होती. औषधांसाठी लढणाऱ्यांच्या शेजारी तेव्हा कॉम्प्युटरवाले उभे राहिले, खासदारांना पत्रे गेली, आणि २००५ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा ते कलम त्यातून गळले होते. मग २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिसच्या फाइलींचा आराखडा आंतरराष्ट्रीय प्रमाण व्हावा म्हणून आणला. तो हजारो पानांचा होता आणि खुल्या दस्तऐवजांसाठी एक प्रमाण आधीच होते. भारतीय मानक ब्यूरोच्या समितीत प्राध्यापक, सरकारी खाती आणि कंपन्या समोरासमोर बसल्या, आणि भारताने 'नाही' म्हटले. २००८ मध्ये पुन्हा मत द्यायची वेळ आली, दडपण होते, तरी भारताचे मत 'नाही'च राहिले. प्रमाण जगात मंजूर झाले ते झाले. पण ज्या देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा धंदा त्या कंपनीच्या साथीने चालतो, त्या देशाने दोन वेळा नकार दिला. मी पाहिलेल्या कुठल्याही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ते आले नाही. मी मात्र ते दोन्ही दिवस वाढदिवसासारखे लक्षात ठेवते.

शाळांचे सांगायचे तर केरळने त्याच दशकात सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी आले, लाखो मुलामुलींच्या हाती पहिल्यांदा माउस आला, सरकारी नोकरीचे दार उघडले, आणि ते खरोखरच मोठे काम होते. त्यात जे शिकवले ते एका कंपनीची बटणे कुठे आहेत हे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला दुसरीचे दुःख होते.

वीस प्रश्न. २७ मार्च २०१५ ला ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने एक सल्लापत्र काढले, ११८ पानांचे, शेवटी वीस प्रश्न. इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना काही संकेतस्थळे फुकट, काही महाग असा भेद करू द्यावा का, हा त्यातला गाभा. काही तरुण वकील, पत्रकार, प्रोग्रामर यांनी ती ११८ पाने साध्या भाषेत आणली, प्रश्नांची उत्तरे लिहून दिली, एका विनोदी मंडळीने त्यावर चित्रफीत केली, आणि महिन्याभरात ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फ्लिपकार्टने एअरटेलच्या अशाच एका योजनेतून अंग काढून घेतले. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात मी ते वीस प्रश्न छापून कँटीनच्या खांबाला लावले होते. लोक ट्रे हातात घेऊन उभे राहून वाचत होते. ज्यांनी कधी मतदानाची सुट्टी मतदानासाठी वापरली नव्हती, ते मला विचारत होते की अकराव्या प्रश्नाचा अर्थ काय.

डिसेंबरमध्ये फेसबुक 'फ्री बेसिक्स' ही निवडक संकेतस्थळे फुकट देणारी योजना घेऊन पूर्ण ताकदीने उतरली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला दिला: त्याला हवामान कळते, बाजारभाव कळतो, ते या फुकट योजनेमुळे. माझे आजोळ निफाडचे. मामांना द्राक्षांसाठी हवामान लागते, लासलगावचा कांद्याचा भाव लागतो. पण कुठले हवामान आणि कुणाचा भाव हे कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने निवडून द्यावे का, हे मामांना कोणी विचारले नव्हते.

कँटीनच्या मावशींनी मला विचारले होते, "ताई, फुकट देतायत तर तुम्ही नको का म्हणता?" मी म्हणाले, "मावशी, समजा एसटी फुकट केली, पण ती मालकाच्याच चार गावांना जाते. तुमच्या माहेरच्या गावाला जातच नाही." मावशींनी विचार केला. म्हणाल्या, "पण माझ्याकडं तिकिटालाच पैसे नसले तर मी त्या चार गावांना तरी जाईन की." मला उत्तर आले नाही. मी म्हणाले, सांगते उद्या.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदाचे दर बंद केले. मोडेल त्याला दिवसाला पन्नास हजार रुपये दंड. तीन दिवसांनी फेसबुकने योजना भारतातून काढून घेतली. आम्ही त्या संध्याकाळी टपरीवर पेढे वाटले. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीला, तिने एवढा पैसा ओतल्यावर, आपल्या देशाने कायद्याने अडवले होते. आणि त्यात आमच्या खांबावरच्या कागदाचाही वाटा होता, असे मला आजही वाटते.

मावशींना उत्तर द्यायला मी गेले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा काही महिने सगळ्यांना फुकट मिळाला, नंतरही स्वस्त राहिला, आणि मावशींचा प्रश्न एका उद्योगसमूहाने आपल्या पद्धतीने सोडवला. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून ९.९९ टक्के भाग घेतला. जुलैत गूगलने ३३,७३७ कोटी घातले. रस्ता, गाडी आणि गाव यांचे मालक एकमेकांचे भागीदार झाले. त्या वेळी कुणी वीस प्रश्न छापले नाहीत, मीही नाही. आम्ही जिंकलो होतो तो भाग आम्हाला उघडून बघता येत होता, दर आणि तारा आणि पॅकेट. मावशींच्या बाजूने ते यंत्र कधी उघडून बघितलेच नाही, याची मला लाज वाटते.

बेफिकिरीने लिहिणे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम. एका दिल्लीच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सांकेतिक लिखाणाच्या धोरणाचा मसुदा आला. नागरिकाने आपला संदेश साध्या रूपात ९० दिवस जपून ठेवावा असे त्यात होते. इतका गदारोळ झाला की सरकारने तो तातडीने मागे घेतला. २०१५ हे असे वर्ष होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी असा निर्देश निघाला, अनेक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, आणि गदारोळ झाला तो आमच्यापुरता, खोलीतल्या खोलीत. आता भाचा काही लिहायच्या आधी मला विचारतो, "मावशी, हे टाकू का?" माझ्या तोंडून सवयीने "राहू दे" निघते. तो शब्द तोंडातून गेल्यावर मी किती वेळ बसून राहते, ते त्याला माहीत नाही.

हातोहात फिरणारा माइक. मी ज्या कंपनीत चौदा वर्षे होते, तिथे तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांना एका सभागृहात बोलावत. साहेबांचे झाले की माइक मागे येई, ओळीतून ओळीत, आणि कोणीही उभे राहून विचारू शके. एकदा एकाने विचारले की आपण ज्या गिऱ्हाइकासाठी चेहरे ओळखण्याचे काम करतो, ते चेहरे कुणाचे आहेत. शांतता झाली, पण उत्तर द्यावे लागले. पुढच्या वर्षीपासून प्रश्न आधी लिहून पाठवायचे ठरले. मग निवडलेले वाचले जाऊ लागले. मग माइक पुढेच राहिला.

अमेरिकेत २०१८ मध्ये गूगलच्या चार हजारांच्या आसपास लोकांनी लष्करी ड्रोनच्या चित्रांवरच्या कामाविरुद्ध सह्या केल्या आणि कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून जगभर सुमारे वीस हजार जण कामावरून उठून बाहेर आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये इस्राएल सरकारच्या कंत्राटावरून गूगलच्या ऑफिसात ठिय्या दिला गेला, तेव्हा पन्नासच्या आसपास जणांना काढून टाकले. मधल्या सहा वर्षांत काय गेले ते मोजायला मला आकडे लागत नाहीत. मी माइक कुठपर्यंत येतो ते बघते.

माझ्याकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात एक स्टार स्क्रू-ड्रायव्हर, सात जंपर, निळ्या मार्करच्या अकरा सीड्या, त्यांपैकी चार वाचता येतात. कँटीनच्या खांबावरचा कागद, चिकटपट्टीसकट. काकांचे जळालेले लॉक.

काका २०१७ मध्ये गेले. फाइली दादाने जुन्या हार्डडिस्कवरून काढून ठेवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यापासून रविवारी भाचा येतो आणि आम्ही दोघे छापील अंक एका बाजूला, कचऱ्यासारखी दिसणारी फाइल दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक अक्षर जुळवतो. कुठल्या चिन्हाचा क, कुठल्याचा वेलांटीचा वरचा भाग, कुठल्याचा खालचा. तक्ता त्यानेच वहीत मांडलाय. अक्षरे जवळपास झाली. पापणीचा र सापडत नव्हता. परवा त्याने १९९९ च्या अंकातल्या एका कथेचे पान समोर धरले, बोटाने ओळ मोजत गेला आणि 'कोपऱ्यात' या शब्दावर थांबला. म्हणाला, "मावशी, हा बघ. इथे त्यांनी तो दोन तुकड्यांत ठेवलाय." तेरा अंक उघडले. दोन राहिलेत.